वीस इंचांत न मावलेले दोन शब्द

सांगलीला परतून तीन महिने झाले. आमच्या गल्लीतून मुंबईच्या बाजूला कामासाठी जाऊन आलेली माणसं थोडी. त्यामुळे भेटेल तो विचारतो, समुद्र पाहिलास का, एखादी नटी दिसली का. समुद्र मी पाहिला नाही. ठाण्याची आणि कल्याणची खाडी पाहिली, तिवरांची झाडं पाहिली, आणि पाच दिवस एका जाहिरातीच्या गाडीबरोबर फिरलो. त्या पाच दिवसांत जे झालं ते तोंडी सांगायला लागलो की मध्येच कुणीतरी म्हणतं, "अरे, पण त्यात तुझा काय दोष?" आणि सांगणं तिथंच तुटतं. म्हणून लिहून काढतो आहे.

मी अक्षरं लिहिणारा माणूस. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, थिएटरात मध्यंतराला दाखवतात त्या काचेच्या स्लाइडी, हे माझं काम. पुण्यातली एक जाहिरात एजन्सी मला अधूनमधून बोलवायची. तिथल्या मालकांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणायचो. त्यांनी ढेकणाच्या एका औषधाची फिल्म केली होती. औषधाचं नाव इथे लिहीत नाही. थिएटरसाठी केलेली मिनिटभराची फिल्म. एक बाई खाटेच्या फटींत औषध टाकते, ढेकूण मरतात, आणि शेवटी ती त्याच खाटेवर बसून आपल्या मुलीचे लांबसडक केस विंचरत असते. त्या चित्राच्या खाली दोन ओळी होत्या:

खाट, गादी व फटींसाठी.
केसांना व अंगाला लावू नये.

या ओळी माझ्या हातच्या. पांढऱ्या रंगात, ठसठशीत. सांगलीच्या थिएटरात मी स्वतः शेवटच्या रांगेत बसून त्या वाचल्या होत्या आणि मला समाधान वाटलं होतं.

पुढे साहेबांच्या डोक्यात आलं की थिएटरात न जाणाऱ्या बायकांपर्यंत ही फिल्म गेली पाहिजे. फिल्म व्हिडिओ कॅसेटवर उतरवली, एका टेम्पोच्या मागच्या बाजूला वीस इंची टीव्ही आणि व्हीसीआर बसवला, वर भोंगा लावला. गावोगाव गाडी उभी करायची, फिल्म दाखवायची, बाटल्या विकायच्या. माईकवर बोलणारा नेहमीचा माणूस काविळीने आजारी पडला, म्हणून मला पाठवलं. कॅसेट मी पाहिलेली नव्हती. फिल्म तर माहीतच होती, त्यात पाहायचं काय, असं मला वाटलं.

कोलशेत, शुक्रवार

टेम्पोचा ड्रायव्हर दत्ता मला ठाण्याला भेटला. भिवंडीजवळच्या गावचा आगरी माणूस, माझ्याच वयाचा, बत्तीस-तेहतीसचा. व्हीसीआरही तोच चालवायचा. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, "तुमी सांगलीवाले भाकरी ज्वारीची खाता ना? हितं तांदलाची मिलंल. दोन दिस पोट बोंबलंल, मंग सवय व्हते."

कोलशेतला आम्ही सकाळीच पोचलो. एका बाजूला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि दुसऱ्या बाजूला खाडी. आमच्या कृष्णेचं पाणी कुठल्या दिशेला जातंय हे पाहिल्याबरोबर कळतं. इथलं पाणी सकाळी एका बाजूला वाहत होतं आणि दुपारी उलट्या. ओहोटीला नुसता काळा चिखल उरायचा, त्यात बोटभर लांबीचे मासे उड्या मारायचे. दत्ता म्हणाला, निवट्या आहेत, कालवण झकास होतं.

कारखान्याच्या कामगारांच्या चाळीपुढे आम्ही गाडी लावली आणि पहिलाच खेळ फसला. भर दुपारचं ऊन टीव्हीच्या काचेवर पडत होतं. बायका जमल्या, पण त्यांना काचेत स्वतःचेच चेहरे दिसत होते. एकीने तर पदर नीट केला. सगळ्या हसल्या आणि निघून गेल्या. दत्ताने मग सीटखालचं काळं घोंगडं काढून टीव्हीभोवती छपरासारखं बांधलं. थोडंफार दिसायला लागलं, पण समोर चार माणसंच उभी राहू शकत होती. मी टेम्पोच्या बाजूला, बाटल्यांच्या खोक्यापाशी. तिथून मला टीव्ही दिसत नव्हता, नुसतं गाणं ऐकू यायचं.

"संध्याकालीच खेल करू," दत्ता म्हणाला. "दिवेलागनीला. तवा बायका बी मोकल्या असतात."

बाळकुम, शुक्रवार संध्याकाळ

बाळकुमच्या कोळीवाड्यात शिरलो तेव्हा ओट्यांवर जाळी दुरुस्त करणं चाललं होतं. गाडी लावली, भोंगा सुरू करणार, तर जनरेटर बंद पडला. दत्ताने दोरी ओढून ओढून हात लाल करून घेतले. मी आसपासच्या घरांकडे पाहत उभा.

समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. तिशी उलटलेली, अंगाने काटक. "वीज पायजे काय? घ्या आमचे घरशी," म्हणाली. तिचं नाव हिराबाई. नवरा होडीवर गेला होता, घरात सासू आणि अकरा वर्षांची मुलगी वैशाली. सासूने, सोनूबाईने, एकदा कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाली नाही. दत्ताने तिच्या खिडकीतून वायर ओढली.

आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला तर आधी गूळपाणी देतात आणि मग चौकशी. इथे उलटं होतं. हिराबाईने आधी सगळी चौकशी केली, गाव कुठलं, आई आहे का, लग्न झालं का, आणि उत्तरं पटली तेव्हा विचारलं, "जेवाल ना?" तांदळाची भाकरी, खाडीच्या कोलंबीचं कालवण. कालवण एवढं तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सोनूबाई तोंडाला पदर लावून हसली. "सांगलीला मिरच्या नाय काय?"

खेळाला पन्नासेक माणसं जमली. वैशाली सगळ्यांच्या पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसली. पडद्यावर अक्षर आलं की ती मोठ्याने वाचायची. औषधाचं नाव वाचलं, कारखान्याचं नाव वाचलं. हिराबाई माझ्याशेजारी, टेम्पोच्या बाजूला खोक्यापाशी उभी होती; तिथून टीव्ही दिसत नव्हता. म्हणाली, "आमचे घरात तीच येक वाचनारी. चिठ्ठी आली, बिल आलं, सगलं तीच सांगते." सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

शेवटचं चित्र आलं असावं, कारण गाणं संपत आलं होतं. वैशालीचा आवाज आला, "खाट, गादी व फटींसाठी. केसांना व अंगाला." मग फिल्म संपली.

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. एवढ्या लहान टीव्हीवर माझी अक्षरं कुणाला तरी वाचता येताहेत याचं मला बरं वाटलं. पुढचे दोन शब्द तिने गिळले असतील किंवा लोकांच्या आवाजात मला ऐकू आले नसतील, असं मी धरून चाललो. मी तिला म्हणालोसुद्धा, "शाब्बास, नजर चांगली आहे तुझी."

निघताना वीज दिल्याबद्दल काय द्यावं, हा प्रश्न आला. हिराबाई काही घेईना. मग मी खोक्यातून एक बाटली काढून तिच्या हातात ठेवली. "ही माझ्याकडून," म्हणालो.

डोंबिवली, शनिवार

डोंबिवलीचा नूर वेगळा. रस्ते खणलेले, पण घराघरांतून पेटीचे सूर आणि पाढे. तीन मजली इमारतीच्या आवारात गाडी लावायची तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी, आणि मुलांची परीक्षा जवळ आली असल्याने आवाज कमी ठेवण्याची अट. आमच्याकडे गाडी आली की माणसं धावत येतात. इथे लोक आधी गॅलरीतून पाहतात, मग चपला घालून सावकाश खाली उतरतात.

पहिला खेळ झाला आणि एक सडपातळ म्हातारे गृहस्थ काठी टेकत माझ्याकडे आले. लेले त्यांचं नाव. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलेलं.

"हे वाक्य कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"क्रियापद कुठे आहे?"

मला कळेना. त्यांनी माझा दंड धरला, टीव्हीसमोर नेऊन उभं केलं आणि दत्ताला म्हणाले, "लावा पुन्हा. शेवटचा भाग."

तेव्हा मी ती कॅसेट पहिल्यांदा समोरून पाहिली. थिएटरचा पडदा लांबट असतो आणि टीव्ही चौकोनी. फिल्म कॅसेटवर उतरवताना कुणीतरी आई आणि मुलगी नीट दिसावीत म्हणून डावी बाजू ठेवली होती आणि उजवी बाजू कापली होती. पहिली ओळ आखूड होती, ती मावली. दुसऱ्या ओळीतलं 'लावू नये' काचेच्या बाहेर गेलं होतं. केस विंचरणारी आई, मुलीचे चमकदार केस आणि त्याखाली: 'केसांना व अंगाला'.

"म्हणजे केसांना आणि अंगालाही लावा, असाच अर्थ होतो की नाही?" लेले म्हणाले. "मी आयुष्यभर चुका काढल्या हो, पण असली चूक नाही पाहिली. हे विष आहे ना?"

मी माईक घेतला आणि स्वतः बोललो. औषध फक्त खाटेसाठी आहे, केसांना लावायचं नाही, अंगाला लावायचं नाही, तीन-तीनदा सांगितलं. कडेला उभी असलेली एक बाई माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, बरं झालं बाई सांगितलंत. मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात, मी रात्रीच लावणार होते." तिने बाटली परत खोक्यात ठेवली आणि हात पदराला पुसले.

नाक्यावरच्या पीसीओवरून साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाटलीवर छापलंय ना सगळं? मग झालं तर. माईकवर सांगत जा. कॅसेट तुम्ही परत आल्यावर बघू. उद्याचं कल्याण ठरलेलं आहे, गाडी थांबवू नका."

बाटलीवर छापलेलं होतं हे खरं. मोहरीएवढ्या अक्षरांत.

गाडीपाशी आलो तर दत्ता म्हणाला, "बालकुमला मागं जाव काय? तासाचा रस्ता हाय. त्या हिराबायला सांगून यव."

मी दमलो होतो. सकाळपासून उभा होतो, पायांत गोळे आले होते. साहेबांचा आवाज कानात होता. आणि खरं सांगायचं तर पाटीवरची चूक जशी दोन दिवसांनी जाऊन दुरुस्त करतात, तशी ही चूक मी मनातल्या मनात ठेवून दिली. उवांसाठी घेतलेली बाटली परत ठेवणारी बाई मी तासाभरापूर्वीच पाहिली होती, तरीसुद्धा.

"मंगळवारी परतताना जाऊ," मी म्हणालो.

दत्ताने गाडी चालू केली.

कल्याण, रविवार

रविवारबद्दल लिहायला हात धजत नाही, कारण तो दिवस छान गेला. कल्याणला सकाळी मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या कटापुढे ती अगदीच गरीब, असं मी दत्ताला चिडवलं. दुपारी खेळ नव्हता, म्हणून दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीकाठी जाऊन बसलो. वाळूच्या होड्या येत होत्या. माणसं खोल पाण्यात बुडी मारून बादलीने वाळू वर काढतात हे मी प्रथमच पाहिलं. एक जण वर आला की दुसरा खाली जायचा. किती वेळ श्वास धरतात ते मी घड्याळात मोजत बसलो. वारा होता. मी थोडा झोपलोही.

त्याच दुपारी, न्हाणं झाल्यावर, हिराबाईने वैशालीच्या डोक्याला ते औषध चोळलं. हे मला दोन दिवसांनी कळलं. मी खाडीकाठी झोपलो होतो तीच वेळ.

संध्याकाळच्या खेळाला मी माईकवर न विसरता सांगितलं, "केसांना लावू नये, अंगाला लावू नये." माझा आवाज आता तयार झाला होता.

मोहने, सोमवार आणि मंगळवार

मोहने म्हणजे उल्हास नदीच्या काठची वस्ती, कारखान्याच्या आधाराने वाढलेली. तिथे तेलुगू, भोजपुरी, मराठी, सगळं एका नळावर ऐकू येतं. सोमवारचा खेळ बरा झाला. मुक्काम एका ओळखीच्याच्या खोलीत.

मंगळवारी सकाळी चहाच्या टपरीवर दत्ताने वर्तमानपत्र उघडलं. तो आधी शेवटचं पान वाचायचा, मग आतलं. आतल्या पानावर तो थांबला आणि पेपर माझ्याकडे सरकवला. बोट एका बातमीवर होतं. सात-आठ ओळी. बाळकुममध्ये ढेकणाचं औषध डोक्याला चोळल्याने अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू. बाटलीवर स्पष्ट सूचना असतानाही आईने उवांसाठी औषध वापरलं. आईची पोलिसांकडून चौकशी. नाव नव्हतं.

"बालकुमला अकरा वर्साच्या पोरी लय असतील," दत्ता म्हणाला.

मी म्हणालो, "हो."

चहा तसाच राहिला. आम्ही गाडीत बसलो. भिवंडीवरून कशेळीच्या पुलाकडे निघालो. पुलावरून खाडी दिसली तेव्हा दत्ता म्हणाला, "शनवारी गेलो असतो तर." एवढंच. मग त्यालाच वाटलं असावं की बोलायला नको होतं. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि परत स्टिअरिंगवर नेला. मला वाटलं, त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बाळकुम, मंगळवार

हिराबाईच्या ओट्यावर बायका बसलेल्या होत्या, मध्ये सोनूबाई. हिराबाई त्यांच्यात नव्हती. ती घराच्या मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडाजवळ जमिनीवर एकटी बसली होती. केस सुटलेले, डोळे कोरडे. तिच्या बाजूला कुणी जात नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी तिच्यापुढे ठेवला नव्हता. नवरा होडीपाशी जाऊन बसला होता, तो बायकोशी बोलायला तयार नव्हता.

सोनूबाईने मला ओळखलं. "आता कं इकाया आयलाव?" आता काय विकायला आलास, असं ती विचारत होती.

मी पायरीखाली उभं राहून सांगायचा प्रयत्न केला. वाक्यं नीट येईनात. ती मध्येच म्हणाली, "हीनं पोर मारली ती मारली. वर खोटं बोलते. म्हंते, पोरीनंच टीवीवर वाचलं, केसांना चालतं म्हून. पोलिसान बाटली वाचून दाखवली, त्यावर उलटं लिवलंय. मेलेल्या पोरीवर आल घालते ही! वाचनारी पोर चुकंल काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हिराबाई खरं बोलत होती आणि सबंध कोळीवाड्यात तिचं खरं माहीत असलेली माणसं आम्ही दोघंच होतो, मी आणि दत्ता.

"ती खोटं बोलत नाही," मी म्हणालो. "मला फिल्म लावू द्या. सगळ्यांनी बघा."

ओट्यावर गलका झाला. सुतकाच्या घरात जाहिरात लावणार? एक माणूस माझ्या अंगावर धावून आला. दत्ता मध्ये पडला. तो त्यांच्याच बोलीत बोलला, हात जोडून. "आवाज बंद ठेवू. गाना नाय लागनार. येकदा बघा. नंतर आमाला मारायचं तर मारा." वैशालीच्या शाळेतल्या बाई भेटायला आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघू द्या. मलाही बघायचंय."

जनरेटर अजून बंदच होता, वायर परत त्याच खिडकीतून ओढावी लागली. दिवस मावळत आला होता. आवाजाचं बटण शून्यावर. पडद्यावर ती बाई मुकाट्याने हसत होती, मुकाट्याने खाटेत औषध टाकत होती. शेवटचं चित्र आलं तेव्हा दत्ताने व्हीसीआर थांबवला. थांबवलेलं चित्र थरथरत राहतं. केस विंचरणारी आई थरथरत होती.

मी शाळेच्या बाईंना म्हणालो, "जवळ जाऊन वाचा. जेवढं दिसतं तेवढंच वाचा."

बाई गुडघ्यावर बसल्या, चष्मा काढून पुसला आणि हळू वाचलं, "खाट, गादी व फटींसाठी. केसांना व अंगाला." त्या थांबल्या. पडद्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "पुढे काही नाही."

"पुढे दोन शब्द आहेत," मी म्हणालो. "ते कापले गेले. हे वाक्य मी लिहिलंय. शनिवारी डोंबिवलीत मला ही चूक कळली. त्याच वेळी मी इथे यायला हवं होतं. आलो नाही."

गाडीत माझा ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा होता. टीव्हीच्या उजव्या बाजूला टेम्पोचा पत्रा होता. मी पडद्यावरच्या ओळीच्या रेषेत, त्याच वळणाची अक्षरं पत्र्यावर काढली. 'लावू नये.' अक्षरं सरळ आली. मग बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पूर्ण वाक्य वाचलं. काही बायका उठून जवळ आल्या आणि त्यांनी पत्र्यावरचा ओला रंग पाहिला.

बाई उठून उभ्या राहिल्या. सोनूबाईकडे वळून म्हणाल्या, "आजी, वैशालीने बरोबरच वाचलं होतं. जेवढं लिहिलेलं दिसलं तेवढंच तिने वाचलं. आणि हिराबाईंनी तुम्हाला खरं तेच सांगितलं."

जो माणूस माझ्या अंगावर आला होता तो खाली बसला. मी वाट पाहत होतो, की आता कुणीतरी मला मारेल. कुणी मारलं नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "चौकीत चला. तितं बी हेच सांगायचं."

आम्ही गेलो. हवालदाराने माझा जबाब लिहून घेतला. मी सही केली, कॅसेट टेबलावर ठेवली. साहेबांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, कॅसेट एजन्सीची मालमत्ता आहे, ती द्यायचा तुम्हाला अधिकार नव्हता, आणि वकिलाला विचारल्याशिवाय आता तोंड उघडू नका. मी सांगितलं, तोंड उघडून झालंय. त्यानंतर त्यांनी मला काम दिलेलं नाही. पुढे काय झालं, तर बाटल्या त्या भागातून उचलल्या गेल्या एवढं दत्ताच्या पत्रातून कळलं. हिराबाईची चौकशी थांबली. एजन्सीवर काही कारवाई झाली की नाही, ते मला माहीत नाही. मला साक्षीला बोलावतील असं हवालदार म्हणाला होता, अजून बोलावलेलं नाही.

चौकीतून परत कोळीवाड्यात आलो, कारण गाडी तिथेच होती आणि वायर अजून खिडकीत होती. दत्ता वायर गुंडाळायला लागला. ओट्यावर दिवा लावला होता. सोनूबाई उठली, गुडघ्यांवर हात ठेवत पायऱ्या उतरली आणि घराच्या मागच्या बाजूला गेली. मला ते टेम्पोपासून दिसत होतं. ती हिराबाईसमोर थोडा वेळ उभी राहिली. मग दगडाला धरून, कण्हत, तिच्याशेजारी मातीत बसली. सुनेच्या तोंडावरचे केस तिने बाजूला केले आणि कानामागे सारले.

हिराबाई तिच्याकडे पाहत होती. दोन दिवसांत तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, असं नंतर दत्ताला कुणीतरी सांगितलं. ज्या आईने मुलीला मारलं तिने कुठल्या तोंडाने रडावं, असं बायका म्हणत होत्या, आणि तिने ते मानलं होतं.

"आये," तिने सासूला विचारलं, "आता रडू काय मी?"

सोनूबाईने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.